‘दुपार’मधला थांबा

तिला सगळे भिंगरी म्हणायचे. चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात ती वीस वर्षं काचा घासत होती, त्यावरून कुणीतरी हे नाव ठेवलं. चालताना ती गिरकी घेतल्यासारखी वळायची, त्यामुळे ते चिकटलं. घासणीच्या चाकावर दिवसभर पाण्याची बारीक धार पडत असायची, काच हळूहळू पातळ व्हायची, आणि खिडकीतलं ऊन त्या पाण्यातून समोरच्या भिंतीवर जाऊन हलत राहायचं. ते बघत बघतच तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. कुणी हाक मारली की ती दोन क्षण उशिरा ओ द्यायची, जणू कुठून तरी परत यावं लागत होतं.

रविवारी ती वाजवायची. काचेच्या वाट्यांच्या कडांवरून ओलं बोट फिरवलं की लांब, धुक्यासारखा सूर निघतो, तेच तिचं वाद्य. तिच्याबरोबर दोघं होती. एक मिस्त्री, लिफ्ट दुरुस्त करणारा. त्याने धुलाईयंत्राचं पत्र्याचं पिंप आडवं बसवून त्यावर तारा ताणल्या होत्या. दांडा फिरवला की पिंप घुमायचं आणि तारा गुणगुणायच्या. दुसऱ्या बाई, शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, निवृत्तीला आलेल्या. त्या पायाने भाता हलवत पायपेटी वाजवायच्या, आणि तीही दोन हातांनी दोन वेगवेगळी गाणी. तिघांच्या संगीताला ना ठेका, ना शब्द. नाव मात्र चोख होतं, ‘सावकाश’. मिस्त्रीची बायको म्हणायची, “अगदी बरोबर नाव आहे. ऐकणारा सावकाश उठून घरी जातो.”

तरी त्यांचा म्हणून एक श्रोतावर्ग होता. शहरातल्या वाचनालयाच्या दालनात वर्षातून दोनदा साठ खुर्च्या मांडल्या जायच्या आणि त्यातल्या पन्नास तरी भरायच्या. यंदा ग्रंथपालबाईंनी हट्टच धरला. “लोक विचारतात हो, हे असलं तुम्हाला सुचतं कुठून? कार्यक्रमाच्या कागदावर प्रत्येकाने दोन ओळी लिहा.”

मिस्त्रीने लिहिलं, ‘माझी आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होती. मी गरम चादरींच्या गाठोड्यांवर झोपायचो. डोक्याशी मोठमोठी पिंपं फिरत असायची. त्याहून सुंदर काही मी अजून ऐकलेलं नाही.’

बाईंनी लिहिलं, ‘मामाच्या रेडिओची खुंटी मोडली होती. काटा कायमचा दोन स्टेशनांच्या मध्ये अडकलेला. मामा म्हणायचा, एका वीजबिलात दोन कार्यक्रम. गाणं एकटंही असतं हे मला फार उशिरा कळलं.’

भिंगरीने एकच ओळ लिहिली. ‘“दुपार” या रचनेची चाल मी आठव्या वर्षी, तापात, स्वप्नात ऐकली.’

ते तिच्यापुरतं सोळा आणे खरं होतं. आठव्या वर्षी तिला छातीचं दुखणं झालं आणि सहा महिने ती अंथरुणाला खिळली. आई कामावर जाताना उशाशी पाणी ठेवायची आणि किल्ली खालच्या मजल्यावर देऊन जायची. दुपारी सगळी इमारत रिकामी व्हायची. पडद्यातून येणारा उजेड पिवळा आणि घट्ट असायचा. तापात खोली लांब लांब होत जायची, पलंग होडीसारखा हलायचा, आणि मग ती चाल यायची. सहा सूर पायरी पायरीने वर. मग थांबा. मग तीन सूर, अलगद खाली. तो थांबा कधी एवढासा असायचा, तर कधी इतका लांब की पोरगी श्वास धरून पडून राहायची. तीन सूर आले की तिचा श्वास सुटायचा आणि डोळा लागायचा. आईला सांगितलं तेव्हा आईने कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, “ताप डोक्यात गेला की असं होतं, बाळा. स्वप्न ते.” आईचं म्हणणं भिंगरीने मोठेपणीही कधी तपासून पाहिलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी ‘दुपार’ शेवटी होतं. सहा सूर झाले, मिस्त्रीने पिंप थांबवलं, बाईंनी हात उचलले. या थांब्यासाठीच लोक यायचे. साठ माणसांच्या खोलीत पाखराच्या पंखाचाही आवाज नाही. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतले एक उंच, वाकलेले गृहस्थ उठले आणि पायाखाली पाहत बाहेर निघून गेले. त्यांच्यामागून एक ठेंगणी बाई लगबगीने गेली. भिंगरीचं बोट काचेवर तसंच राहिलं. मग तिने ते तीन सूर वाजवले.

आवराआवर करताना मिस्त्रीने तिच्या हातात कार्यक्रमाचाच एक कागद ठेवला. “ती ठेंगणी बाई परत येऊन देऊन गेली. तुला द्यायला सांगितलंय.” मागच्या कोऱ्या बाजूवर गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘ताई, ते स्वप्न नव्हतं. आमचे हे होते. सवड मिळाली की घरी या.’ खाली पत्ता.

भिंगरीने तो कागद बाईंपुढे धरला. “म्हणजे मी चोरी केली?”

“आठव्या वर्षी?” बाई म्हणाल्या. “त्या वयात मी नकाशातले देश चोरले होते. वहीतून कापून. जाऊन ये आधी.”

ती एकटीच गेली, पुढच्या शनिवारी. घर नीटनेटकं होतं, सगळीकडे पुस्तकं, आणि प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कागदाचं कव्हर. त्या ठेंगण्या काकूंनी दार उघडलं, हाताला धरून बसवलं आणि आतल्या बंद दाराकडे मान वळवून हळूच म्हणाल्या, “येतील बाहेर. जरा वेळ द्या. त्यांचं सगळंच वेळ घेऊन.”

काका, म्हणजे ते उठून गेलेले गृहस्थ, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, काकू सांगू लागल्या. रात्रपाळीचं काम, कुणाशी बोलायची गरज नाही, म्हणून मुद्दाम धरलेलं. “लहानपणापासून अडखळायचे हो. एखादा शब्द असा अडकायचा की घामाघूम व्हायचे. पण गाताना माणूस अडखळत नाही, असं कुणीतरी त्यांना सांगितलं. मग लग्नाआधी, खोलीवर एकटे असताना, दुपारी वाक्यांना चाल लावून सराव करायचे. बर्फाच्या कारखान्यामागच्या इमारतीत राहत होते तेव्हा.”

“दुसरा मजला?” भिंगरीने विचारलं. “जिन्याच्या उजव्या हाताला?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“डाव्या हाताला आम्ही होतो.”

काकू बघतच राहिल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता डोळे पुसले. “मी तुमच्या कार्यक्रमाला आले ती भाचीने फुकटचे पास दिले म्हणून. म्हटलं, बसू तासभर थंडाव्यात. आणि तुम्ही वाजवायला लागलात आणि मला माझं दुकान दिसलं. मी बटणांच्या दुकानात होते. हे रोज यायचे, एक बटण घ्यायचे आणि जायचे. एक दिवस काउंटरशी उभे राहिले आणि चक्क गायला लागले. ‘नमस्कार, माझं नाव’, आणि गप्प. मी हातात फडकं घेऊन उभी. मागे गिऱ्हाईकं खोळंबलेली. पण मला कुठे घाई होती?”

भिंगरीने मनातल्या मनात बोट फिरवलं. न-मस्-कार, माझं, नाव. सहा सूर.

“आणि नंतरचे तीन?” तिने विचारलं, खरं तर विचारण्याआधीच तिला कळलं होतं.

आतलं दार उघडलं. काका उंबऱ्यावर उभे होते. त्यांनी भिंतीला हात टेकला, डोळे मिटले आणि आपलं नाव सांगितलं. बोलून नाही. त्या तीन सुरांत. तीन अक्षरांचं अगदी साधं नाव, शाळेत प्रत्येक वर्गात दोघातिघांचं असतं तसं. सात वर्षं भिंगरी ते परक्या माणसांपुढे काचेवर वाजवत होती आणि तिला त्याची गंधवार्ता नव्हती.

ती उठून उभी राहिली. “काका, माझं चुकलं. तुम्ही सांगा, उद्यापासून वाजवणार नाही.”

त्यांनी मान हलवली. ते समोर येऊन बसले. बराच वेळ ओठ हलले, आवाज आला नाही. काकू खिडकीबाहेर बघत होत्या, अगदी निवांत, जणू काही घडतच नव्हतं. “वा... वाजवा,” ते म्हणाले. “प... पण तो थांबा काढा. तिथे मी अ... अडकायचो. लोक हसायचे. म्हणायचे, नाव विसरलात का? साठ माणसं त... त्या दिवशी गप्प बसली, मला वाटलं स... सगळी माझ्याकडे बघतायत.”

थांबा काढायचा म्हणजे ‘दुपार’चा प्राणच काढायचा. पण भिंगरी हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

सराव लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात चालायचा, वरच्या मजल्यावर, मिस्त्रीच्या ओळखीने. त्या रविवारी सकाळी मोठमोठ्या दंतचक्रांच्या मध्ये दोन खुर्च्या ठेवल्या गेल्या. काका आणि काकू येऊन बसले. धुळीतून उन्हाचे पट्टे तिरके उतरले होते. मिस्त्रीला सगळी हकीकत कळली होती. तो पिंपाला तेल देत पुटपुटला, “भिंतीला कान असतात म्हणतात. या भिंतीला तर आख्खी पोरगी निघाली.”

त्यांनी वाजवलं. सहा सूर, आणि लगेच तीन. कुठे खाच नाही, कुठे अडथळा नाही. एखाद्या नव्या जिन्यासारखं सफाईदार. संपलं. बाईंनी पेटीवरची नसलेली धूळ पुसली.

“छान आहे,” काकू म्हणाल्या. “पण हे कुणीतरी दुसरंच. या माणसाला मी बटणसुद्धा विकलं नसतं.”

काकांनी भिंगरीकडे पाहिलं. “तु... तुम्ही त्या वेळी काय करायचात? पलीकडे. मी अ... अडकलो की?”

असं कधी कुणी विचारलंच नव्हतं. उत्तर शोधायला तिला त्या खोलीत परत जावं लागलं. पिवळा उजेड, तरंगणारा पलंग, भिंतीचा गार रंग गालाला लागलेला. गाल भिंतीला होता, हे तिला आत्ता आठवलं. म्हणजे झोपेत नव्हती ती. जागी होती, सगळा वेळ.

“श्वास धरून पडायचे,” ती म्हणाली. “पुढचे तीन आले की सोडायचे. ते येणार हे मला माहीत असायचं, काका. एकदाही आले नाहीत असं झालं नाही. दिवसभर घरात कुणी नसायचं. मी त्यांचीच वाट बघायचे.”

काकांनी चष्मा काढला आणि काचा पुसायला घेतल्या. खूप वेळ पुसल्या. त्या सगळ्या दुपारी आपण एकटेच होतो अशी त्यांची चाळीस वर्षं समजूत होती. त्या समजुतीवर ते इतके विसंबून होते की आता ती नेमकी कुठे ठेवावी हे त्यांना कळत नसावं. पिंपाच्या तारा वाऱ्याने आपोआप किंचित गुणगुणत होत्या.

“लोक घड्याळ ब... बघायचे,” ते शेवटी म्हणाले. आणि थोड्या वेळाने, “प... पहिल्यासारखं वाजवा.”

त्यांनी पहिल्यासारखं वाजवलं. सहा सूर वर गेले. पिंप थांबलं, बाईंचे हात उचलले गेले. भिंगरीने बोट पाण्यात बुडवलं, पण तीन सूर वाजवले नाहीत. ती काकांकडे बघत राहिली. इतका लांब थांबा त्यांनी कधीच घेतला नव्हता. उन्हाचा पट्टा एका दंतचक्रावरून दुसऱ्यावर सरकल्यासारखा वाटला. काकांचे ओठ हलले, थबकले, पुन्हा हलले. कुणी खाकरलं नाही, कुणी मदतीला धावलं नाही. मग ते तीन सूर आले, जाडसर, म्हाताऱ्या गळ्यातून, आणि भिंगरीच्या काचेने ते खालून हळूच उचलून धरले.

महिन्याभराने त्यांनी ‘दुपार’ तसंच, त्याच गोदामात ध्वनिमुद्रित केलं, काकांच्या आवाजासकट. तबकडीवर नाव घालू का विचारलं तेव्हा काका म्हणाले, “ना... नाव गाण्यातच आहे की.” तबकडी फारशी खपली नाही. ‘सावकाश’ची कुठलीच खपत नाही.

पण दर रविवारी सकाळी गोदामात आता एक खुर्ची जास्त असते. काका सरावाला येतात, मांडी घालून बसल्यासारखे खुर्चीत बसतात आणि नवी रचना कान देऊन ऐकतात. ऐकून झालं की त्यांना काहीतरी सांगायचं असतं. मिस्त्री दांडा सोडतो, बाई भात्यावरचे पाय काढून घेतात, भिंगरी ओलं बोट फ्रॉकला पुसावं तसं ओढणीला पुसते, आणि तिघं शांत बसून राहतात, काकांचं वाक्य पूर्ण होईपर्यंत. ते पूर्ण होतं तेव्हा बहुतेक वेळा एवढंच असतं, की म... मधला भाग कंटाळवाणा झालाय, आणि पिंपाला तेल कमी पडतंय.

“ऐकलंत?” मिस्त्री बाईंना म्हणतो. “यासाठी पाच मिनिटं थांबलो आपण.”

“तेल घाल,” बाई म्हणतात. “बरोबर बोलतायत ते.”