वच्छलाबाईची एकादशी

"आधी हात धू, मग च्या घे," म्हणत दानम्मानं स्वप्नालीच्या हातातली कपबशी काढून परत ओट्यावर ठेवली.

"मातीच तर हाय, काकू."

"नुसती माती न्हाई. कळलावी हाय ती. साबण लावून धू."

स्वप्नाली हसत नळाकडे गेली. परसात बसलेल्या बायकाही हसल्या. दानम्माचं हे नेहमीचंच होतं. झाडाला हात लावायच्या आधीचे आणि नंतरचे तिचे नियम ठरलेले.

घाटनांदूरच्या पेठेत दानम्माच्या नवऱ्याचं, सोमलिंगअप्पांचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागे हे परस. दानम्मा लग्न होऊन आली तेव्हा इथं मुरूम आणि फुटक्या डब्यांचा ढीग होता. आता त्याच डब्यांत, गळक्या बादल्यांत, तेलाच्या पत्र्यांत झाडं होती. मृग तोंडावर आला की गल्लीतल्या बायका इथं जमायच्या. उन्हाळ्याचा शेवटचा मोगरा ओच्यात घालून आणायच्या आणि जाताना कुणी जास्वंदीची फांदी, कुणी गुलछडीचे कांदे न्यायच्या. लाल चेंडूफुलं तर त्याच आठवड्यात उमलायची, आणि ज्यांच्याकडे ती नव्हती त्या बायका नुसत्या बघायला यायच्या.

"माझा मोगरा निस्ता पाला काढतोय बघ," छबुबाई म्हणाली. ती गल्लीच्या टोकाला राहणारी, तोंडाची फटकळ.

"लई पाणी घालतीस त्याला. आठ दिवस पाणी तोड. पानं ओरबाडून टाक. मग शेणखत दे."

"मरंल की गं!"

"न्हाई मरत. जरा तरास झाल्याबिगर मोगरा फुलत न्हाई."

एकेक बाई निघून गेली. स्वप्नाली मात्र रेंगाळली. वच्छलाबाईची ती धाकटी सून, माहेर आष्टीचं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, पण अजून बोलताना आधी आजूबाजूला बघायची सवय गेली नव्हती.

"काकू, ही कळलावी आमच्या आत्याबाईनं दिलीया ना तुमाला?"

"व्हय. डोंगरातनं आणून दिलती वच्छलानं. तुमच्यात तर कुंपण भरून असायची. टँकरच्या वर्षी गेली."

"आजून बी बोलत्यात त्या. श्रावणात इस्तवावाणी फुलायची म्हन्त्यात." स्वप्नालीनं आवाज खाली आणला. "दोन कंद द्या की. पण त्यास्नी सांगू नगा. गुपचूप लावते. फुललं की बघतील."

दानम्माला ते फार आवडलं. तिनं डबा पालथा करून माती झटकली. नांगरासारखा वाकलेला जोडकंद निघाला. तो सांध्यावर मोडून तिनं दोन केले, आणखी एक जोड काढून त्याचेही दोन केले. मोडल्यावर ती हुबेहूब रताळ्याची बोटं दिसत होती. जुन्या लुगड्याच्या फडक्यात तिनं ती बांधली.

"हे बघ पोरी, हे विष हाय. ढोरानं बी तोंड लावाया न्हाई पायजे. उंचावर ठिव. मिरगाचा पाऊस पडला की टोक वर करून लाव."

"व्हय. आष्टीला चुलतभावाचं लगीन हाय. तिकडनं आले की लावते."

वच्छलाबाईला आनंद होईल म्हणून दानम्मा त्या दिवशी मनाशी हसत होती. सीमेपलीकडच्या कानडी गावातून दानम्मा या घरात आली तेव्हा तिला मराठी येत नव्हतं. दुकानात गूळ न्यायला आलेली वच्छला मागच्या दारानं परसात शिरली होती आणि एका रोपट्याला बोट लावून म्हणाली होती, "तुळस." दानम्मा म्हणाली, "तुळसी." मग दोघी हसल्या होत्या. त्यानंतर रोज एक झाड. सदाफुली, तेरडा, गोकर्ण. दानम्माची मराठी अशी झाडांवरून सुरू झाली आणि माणसांपर्यंत नंतर पोचली. नवऱ्याचं नाव घेण्याआधी तिला शेवंतीचे चार प्रकार सांगता येत होते.

एकादशीच्या संध्याकाळी छबुबाई दुकानात धापा टाकत आली.

"वच्छलाबाईला अंबाजोगाईला नेलं. उलट्या थांबनात. तानाजी गाडी करून घिऊन गेला."

"उपास, त्यात हे ऊन," सोमलिंगअप्पा म्हणाले. "ऊनच लागलं असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दानम्मा दवाखान्यात गेली. वच्छलाबाई उशाला टेकून बसली होती. चेहरा उतरला होता, पण डोळे ओळखीचे होते. पायथ्याशी तानाजी, तिचा धाकटा मुलगा, स्वप्नालीचा नवरा, रात्रभर जागून तांबडे झालेले डोळे घेऊन उभा होता.

"कावून आलीस एवढ्या उन्हाची?" वच्छलाबाई म्हणाली. "आता बरं हाय मला. तानाजी, जा, च्या पिऊन ये तू."

तो गेल्यावर दानम्मानं तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

"काय खाल्लंतं गं?"

"काय खाणार एकादशीला? निस्ती रताळी." वच्छलाबाईच्या तोंडावर जरा उजेड आला. "माझी सून लई गुणाची हाय, दानम्मा. लग्नाला जाताना माझ्यासाठी रताळी ठिवून गेली. सांगितलं बी न्हाई. उतरंडीमागं फडक्यात बांधून ठिवलीती. मीठ हुडकताना हाताला लागली."

दानम्मानं तिचा हात आणखी घट्ट धरला.

"लाइट नव्हती, तशीच चाचपून उकडाया घातली. लई कडू निघाली गं. टाकावं वाटलं. पर म्हनलं, पोरीनं एवढं मनानं आणून ठिवलंय, कशाला टाकायचं? गुळासंगं खाल्ली."

दानम्माच्या कानात काहीतरी बंद झालं. वच्छलाबाईचे ओठ हलताना दिसत होते, समोरच्या खाटेवरची बाई मुलाला भरवताना दिसत होती, पंखा फिरत होता, पण आवाज कशाचाच नव्हता. आपण उठून उभ्या राहिलो आहोत हे तिला नंतर कळलं. तिनं आणलेली, मांडीवरची मोसंबी खाली पडून खाटेखाली घरंगळत गेली होती.

"काय झालं गं?"

"आले. आलेच मी."

व्हरांड्यात एक तरुण डॉक्टरीण दुसऱ्या रुग्णाच्या मुलाशी बोलत होती. दानम्मानं मध्येच तिचं मनगट धरलं. मराठी शब्द आठवेना. तोंडातून आधी कानडीच बाहेर आलं, मग थांबून, एकेक शब्द वेचत ती म्हणाली, "तिनं रताळी न्हाई खाल्ली. कळलावी खाल्ली. माझ्या घरची. कळलावीचे कंद."

डॉक्टरीण बोलायची थांबली. "नक्की?"

"मीच बांधून दिलेत. माझ्या हातानं."

डॉक्टरीण जवळजवळ पळतच आत गेली. मग खाटेभोवती माणसं जमली, नळ्या आल्या, रक्त काढून नेलं. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली आणि तानाजीला बाजूला घेऊन म्हणाली, की आता बरं वाटतंय ते फसवं आहे. या विषावर उतारा नाही. जे करता येईल ते करतो आहोत.

तानाजी दानम्माकडे बघत राहिला. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याला काही कळतच नव्हतं.

"पर घरात आलं कुठनं ते?" तो एवढंच म्हणाला.

दानम्मानं सगळं सांगितलं. मग ती आत गेली.

"काय म्हन्ती डॉक्टरीण?" वच्छलाबाईनं विचारलं.

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. दानम्माला ते बोलता आले नाहीत. "रताळी नासकी व्हती म्हन्ती."

"तरीच." वच्छलाबाईनं डोळे मिटले. "पोरीला सांगू नगंस. वाईट वाटंल तिला."

तिसऱ्या दिवशी वच्छलाबाई गेली.

स्वप्नाली आष्टीहून आली ती लग्नातल्याच साडीत. अंगणात प्रेत होतं. ती दारातच थबकली. मग कुणीतरी तिला सासूनं काय खाल्लं ते सांगितलं. ती रडली नाही. धावत स्वयंपाकघरात गेली, उतरंडीमागे हात घातला, तिथं काही नव्हतं. रिकामा हात तसाच पुढे धरून ती बाहेर आली.

"हिनंच ठिवलं," तानाजीचा थोरला भाऊ भारत ओरडला. "हिला ठाव व्हतं ते विष हाय. ठाव व्हतं का न्हाई, बोल की!"

"व्हतं," स्वप्नाली म्हणाली. रिकामा हात तिनं अजून खाली घेतला नव्हता.

पोलीस आले. जमादारानं दानम्माला विचारलं, "कंद विषारी आहेत हे तुम्ही सुनेला सांगितलं होतं?"

दानम्मानं स्वप्नालीकडे बघितलं. 'न्हाई' म्हटलं असतं तर पोरीवरचं बालंट क्षणात दानम्माच्याच अंगावर आलं असतं, आणि तेवढं घ्यायला ती तयारही होती. पण स्वप्नालीनं आताच सगळ्यांसमोर 'व्हतं' म्हटलं होतं. आपण खोटं बोललो की तिचं खरंही खोटं ठरणार.

"सांगितलं," दानम्मा म्हणाली. "आणि कावून दिले ते बी ऐका. सासूची गेलेली वेल तिला परत लावायची व्हती. सासूला सांगू नगा म्हनली. म्या बी हसले आन् गप बसले. घरात विष हाय हे वच्छलाला सांगायला पायजे व्हतं. पोरीनं बी, म्या बी. दोघींनी बी सांगितलं न्हाई, तिला आनंद व्हावा म्हणून."

मग तिनं भारतकडे तोंड केलं. "तुझ्या आईचा शेवटचा शबुद सांगू? माझी सून गुणाची हाय, माझ्यासाठी रताळी ठिवून गेली म्हनली. कडू लागली तरी पोरीच्या मनाखातर खाल्ली म्हनली."

तानाजी मटकन खाली बसला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं रडला. स्वप्नालीनं हे तेव्हाच ऐकलं. ती प्रेताकडे धावली, बायकांनी तिला धरलं नाही. दानम्मानं धरलं.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली. गावानं मात्र केली नाही. दोन दिवसांनी दानम्मा दळण घेऊन निघाली तर गल्लीच्या टोकाच्या उकिरड्यावर तिला मोगरा दिसला. मुळासकट उपटलेला. पांढऱ्या कळ्या अजून ताज्या होत्या. त्याच्यावर जास्वंद, सदाफुली, गुलछडीचे कांदे. कुणीतरी तुळसही टाकली होती. वर्षानुवर्षं तिनं हातानं दिलेलं सगळं तिथं होतं. ती दळण डोक्यावर घेऊन कितीतरी वेळ तिथंच उभी राहिली. छबुबाई दारात आली, तिनं तिला बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"जाऊ नगंस तू," तेराव्याच्या दिवशी सोमलिंगअप्पा म्हणाले. "लोक बोलतील."

"बोलू द्या."

मांडवात बायकांची पंगत बसली होती. पत्रावळी मांडलेल्या होत्या. स्वप्नाली भाताचं घमेलं घेऊन आली आणि पहिल्या बाईनं पत्रावळीवर हात आडवा धरला. दुसरीनंही. तिसरी म्हणाली, "मला भूक न्हाई." छबुबाईनं नुसती मान फिरवली. स्वप्नाली पुढं सरकत राहिली. ती कुणाकडे बघत नव्हती, फक्त पत्रावळींकडे बघत होती. शेवटच्या पत्रावळीपर्यंत घमेलं तसंच भरलेलं राहिलं. भारतची बायको तिच्या हातातून ते काढून घ्यायला उठली.

दानम्मा मांडवात शिरली. तिला कुणी जागा दिली नाही. ती ओळीच्या टोकाला, उघड्या मातीवर मांडी घालून बसली आणि कोपऱ्यातली एक पत्रावळ स्वतःच पुढ्यात ओढली.

"स्वप्नाली," ती म्हणाली. "मला वाढ."

स्वप्नाली जागची हलली नाही.

"भूक लागलीया, पोरी. सकाळपासनं काय खाल्लेलं न्हाई."

स्वप्नाली आली. भात वाढला. वरण आणलं. पळी पत्रावळीच्या कडेवर आपटली आणि वरण मातीत सांडलं. दानम्मानं पत्रावळ उचलून पळीखाली धरली.

दानम्मानं भात कालवला, घास तोंडात घातला आणि सावकाश चावून गिळला. मग दुसरा. मग तिसरा. पत्रावळ अर्धी झाली तेव्हा तिनं मान वर केली.

"अजून घाल," ती म्हणाली.