सात मिलिमीटर

सरांची चिठ्ठी विज्ञानाच्या वहीतून आली. "महिन्याभरात आपल्या मुलीची उंची सात मिलिमीटरने कमी भरली आहे. कृपया येऊन भेटावे." कापड धुतलं की आटतं, हे मला माहीत आहे. कपडे शिवण्यातच माझा जन्म गेला. पण पोर आटल्याचं मी आजवर ऐकलं नव्हतं.

पोर माझ्या पोटची नाही. तिची आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. मी या घरात आले त्याला दोन वर्षं झाली. ती मला मावशी म्हणते. तिचे बाबा जहाजावर, सहा-सहा महिने बाहेर. घरात आम्ही दोघी आणि माझं शिलाई मशीन. शिवाय तीन गल्ल्यांपलीकडे तिची आत्या. त्या दर रविवारी येतात, आधी पोरीचे दंड चाचपतात आणि मग चपला काढतात.

मी शाळेत गेले. सर सध्या पाचवीला हाडं आणि स्नायू शिकवत होते. वर्गाच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा उभा होता, त्याच्या डोक्यावर कुणीतरी टोपी चढवली होती. मुलं कशी वाढतात ते दाखवायला दाराच्या चौकटीवर प्रत्येकाची रेघ होती, बाजूला तारीख आणि माप.

"या वयात लांब हाडांच्या टोकांशी वाढ चालू असते, ताई," सर म्हणाले. "वर्गातली बाकीची सगळी थोडीथोडी वाढलीत. ही एकटीच... जेवण वगैरे नीट होतं ना?" प्रश्न मला होता, पण नजर सांगाड्यावर.

"सरळ विचारा ना, सर. मी तिला उपाशी ठेवते का?"

"तसं नव्हे हो. तिच्या आत्या येऊन गेल्या परवा, म्हणून..."

म्हणजे पाणी कुठे मुरत होतं ते कळलं.

संध्याकाळी नणंद दारात हजर. "रविवारी मी तिला माझ्याकडे नेणार. दादाला कळवलंय."

"ते काय म्हणाले?"

"सर सांगतील तसं करू म्हणाला. आता सरांनी मोजून दाखवलंय. तोंड खोटं बोलेल, हाडं नाही बोलत."

"वन्सं, माझं तोंड खोटं बोलतं असं म्हणायचंय का?"

"मी कुणाचं नाव घेतलं का?" म्हणून त्या गेल्या.

पोर तिकडे पुठ्ठ्याच्या हाताला रबर बांधत बसली होती. "मावशी, बघ. स्नायू नुसता ओढतो, ढकलत नाही. म्हणून हात वाकवायला एक आणि सरळ करायला दुसरा." दोन रबरं, दोन बाजूंना ओढणारी. मी बघत होते आणि मनात भलताच किडा वळवळला. हिने मुद्दाम गुडघे वाकवले असतील तर? आत्याकडे गॅलरी आहे, मांजर आहे. जायचं असेल हिला.

दुसऱ्या दिवशी उठल्याउठल्या तिला कपाटाला टेकवून उभी केली. टाचा लाकडाला लावल्या, गुडघे तळहाताने दाबून धरले. शाळेच्या पहिल्या मापापेक्षा चार मिलिमीटर जास्त! वाढलीये की! म्हणजे शाळेत वाकलीच होती. डबा जरा आपटूनच दिला.

चार वाजता ती घरी आली. मला राहवेना. पुन्हा कपाट, पुन्हा गुडघे. सकाळपेक्षा अकरा मिलिमीटर कमी. तीनदा मोजलं. गुडघे तर माझ्याच हाताखाली होते. मग तिच्या हातात टेप देऊन मी स्वतः उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा. मीही दिवसभरात आटत होते.

"सरांनी तुला कधी मोजलं गं?"

"पहिल्यांदा सगळ्यांबरोबर, पहिल्या तासाला. दुसऱ्यांदा मला सर्दी होती ना, मी आलेच नव्हते. मग दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला, खेळून आल्यावर."

शुक्रवारी सरांनी माझ्या सांगण्यावरून अख्खा वर्ग सकाळी मोजला आणि शेवटच्या तासाला पुन्हा. नणंदही आल्या होत्या. माझ्या टेपवर त्यांचा भरवसा नव्हता. एकतीसच्या एकतीस पोरं कमी भरली. कुणी पाच, कुणी नऊ. "सर, आम्ही आटलो!" म्हणून नुसता गोंधळ.

सरांनी सांगाडा पुढे ओढला. "मणक्यांच्या मध्ये गाद्या असतात. दिवसभर उभं राहून, उड्या मारून त्या दबतात. झोपलो की पुन्हा फुगतात. हाडं तेवढीच राहतात." मग माझ्याकडे वळून, सगळ्या वर्गादेखत म्हणाले, "मोजण्यात चूक माझी झाली, ताई. तिच्या बाबांना मी स्वतः लिहितो."

"तरी दंड बारीकच आहेत," नणंद पुटपुटल्या.

"आत्या, स्नायू वापरून वाढतात," पोर म्हणाली. "चाचपून नाही."

सर खोकले. नणंदेने पर्स उचलली. रविवारी नेण्याचा विषय पुन्हा काढला नाही, एवढं मात्र खरं.

घरी येताना पोर म्हणाली, "तू माझे गुडघे का दाबत होतीस?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटलं, तू मुद्दाम वाकतेस. आत्याकडे जाता यावं म्हणून."

"मागच्या वर्षी कदाचित वाकलेही असते," ती म्हणाली. "या वर्षी डोक्यातच नाही आलं." चार पावलं गेल्यावर तिने मान वर केली. "पण मला विचारायचंस ना."

"हो गं," मी म्हणाले. "विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

"बरं," ती म्हणाली आणि दप्तर माझ्या खांद्यावर अडकवून पुढे पळाली.