पाहुण्याचं लेकरू

तिरोडीच्या मजूरवस्तीत देवीचा रोगी सापडला, त्याला चार दिवस झाले होते. माघ महिना होता, सन एकोणसत्तर. टीकादार घनश्याम रोज पहाटे सायकल काढी आणि लस न टोचलेली लेकरे शोधत टोल्याटोल्याने, एकेका वाडीवर फिरे. संध्याकाळी परतला, की अंगणातल्या चुलीवर सुया उकळायला टाकी, कुपीत उरलेली लसही त्याच पाण्यात ओती. एकदा कालवलेली लस दुसऱ्या दिवशी चालत नसे. मग अंघोळ करी आणि त्यानंतरच ओसरीवरच्या झोळीत निजलेल्या तीन महिन्यांच्या नातवाला हात लावी. थोरली लेक अनुसया पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

घनश्याम शिस्तीचा माणूस. वही आखल्यावाचून त्याला विचार सुचत नसे. त्या दिवशी डोंगरटोल्यात वडाखाली बसून त्याने तीन वर्षांची नोंद चौकटींत मांडली, आणि चौकटी पाहून तो चक्रावला. दुसऱ्या-तिसऱ्या लेकरांना चौथ्या महिन्याच्या आत लस मिळाली होती; पहिलटकरणींचे मात्र एकही मूल दहा महिन्यांच्या आत टोचलेले नव्हते. ज्या घरातली बाई दुसऱ्या लेकराचा दंड स्वतः होऊन पुढे करते, त्याच घरात पहिल्याच्या वेळी घोडे कुठे पेंड खाते?

गावचा कोतवाल महागू म्हणाला, "पहिल्याचं कवतिक जास्त असते बाबू. सुई पाहवत नाही."

कारण पटण्यासारखे होते, पण घनश्यामला पटले नाही. कौतुकाने एखादे घर मागे राहील; सगळीच्या सगळी कशी राहतील? तो सुईण रुख्माबाईच्या दारात गेला. ती सुपात तांदूळ निवडत होती.

"रुख्माबाई, पहिल्या लेकराले येथं कोनी टोचून काहून घेत नाही?"

तिने मान वर केली. "पहिलटकरीण कुठी असते, बाबू?"

"माहेरी."

"मंग लेकरू कुठी असन?"

"तेथंच."

"मंग तुमी येथं काय हुडकून राह्यले?" म्हातारी खो खो हसली. "शिकले-सवरले अन् माहेरचं लेकरू सासरी हुडकता होय?"

घनश्यामही ओशाळून हसला; पण प्रश्न सुटला नव्हता. "माहेरी बी टीकेवाला जातेच ना?"

"जाते. पन कोन टोचू देते? सोयऱ्याची अमानत ते. ताप चढला त बोल कोनाले लागन? आजी म्हनते, पोरगं आपल्या घरी गेल्यावर टोचतीन. अन् इकडं सासू म्हनते, येवढे महिने माहेरी होतं, टोचलंच असन." तिने सूप आपटले. "दोन्ही घरं निवांत."

घनश्यामने पेन्सिल खाली ठेवली. दोन घरे, दोन टीकादार, दोन वह्या. आणि लेकरू एकाही वहीत नाही! इतकी वर्षे तो आपल्या गावच्या सुनांची लेकरे मोजत आला होता. गावच्या लेकींची लेकरे त्याने मोजलीच नव्हती. मग आपल्याच तिरोडीत या घडीला किती लेकी माहेरी आल्या असतील? सायकलवर बसून तो बोटांवर मोजू लागला. तेजरामची सत्यभामा, गोदाबाईची अंजना...

तिसरे बोट दुमडताना त्याचा पाय पायडलवर थांबला.

त्या संध्याकाळी चुलीवर पाणी खळखळत होते, पण घनश्यामने कुपी ओतली नाही. अंघोळ करून तो तशीच ती ओसरीवर घेऊन आला. बायकोच्या, शेवंताबाईच्या लक्षात आले.

"अजी, हे काय? व्याह्यायले चिठ्ठी त टाका आधी. त्यायचं लेकरू हाय. उद्या अंग तापलं, त इहीन मलेच बोलन."

"चिठ्ठी पोचून जवाब येईपर्यंत देवी थांबन का?" घनश्याम अनुसयाकडे वळला. "बाई, तू तरी बोलली असती."

अनुसयाने लेकरू झोळीतून उचलले. "बाबा, तुमी सगळ्या गावाले टोचता. मले वाटलं, यालेच टोचत नाही, त कायतरी कारन असन."

घनश्यामने हातातल्या कुपीकडे पाहिले. तीन महिने, रोज संध्याकाळी, झोळीपासून दहा हातांवर त्याने उरलेली लस उकळून फेकली होती.

शेवंताबाईने कंदिलाची वात मोठी केली. मग कंदील जवळ धरला. दोन टोकांची सुई भराभर टोचली गेली. पोराने असा टाहो फोडला, की शेजारची माणसे कुंपणाशी आली. त्या रात्री शेवंताबाईने चार वेळा त्याचे कपाळ चाचपले.

सकाळी घनश्यामने तेजरामच्या दारात सायकल टेकवली. "घरात लेकरं किती?" हा नेहमीचा प्रश्न त्याने गिळला.

"लेक आली हाय का माहेरी?"

तेजरामची बायको सरिता उंबऱ्यातच उभी राहिली. "आली हाय. पन ते त सोयऱ्याचं..." ती अडखळली आणि मग त्याच्याकडे रोखून पाहत म्हणाली, "तुमच्या अनुसयाचं टोचलं काय?"

"हौ. काल."

"रडला तो, आयकू आला आमाले." ती दारातून बाजूला झाली. "सत्यभामे, पोट्ट्याले घेऊन ये वं बाहेर."