सशाचा साचा

कासिल्दा बारिएन्तोसला संशय घ्यायला कारण लागत नसे, पण त्या रविवारी कारण आयतंच समोर आलं. चर्चमधली प्रार्थना आटोपून ती नवऱ्याबरोबर घरी निघाली होती. आमची गल्ली अजून कच्चीच आहे आणि मे महिन्यात तिच्यात घोट्यापर्यंत धूळ असते. त्या धुळीत तिला ससा दिसला. दोन लांब कान, गोल पोट. एका पावलावर पुढे पुन्हा तसाच ससा.

ती जागीच थबकली, कारण तो ससा तिचा होता. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या बुटाचा सोल आणि त्याच्या टाचेखाली कोरलेला ससा. मुलगी चालत गेली की मागे सशांची रांग उमटायची. आमच्या लेओन शहरात बूट न करणारं घर शोधून सापडायचं नाही, आणि दुसऱ्याचं मॉडेल न चोरणारं तर त्याहून नाही. कासिल्दाने आजवर दुकानातले तयार सोल आणून बूट शिवले होते. यंदा पहिल्यांदाच तिने स्वतःचा पोलादी साचा कोरून घेतला आणि त्यापायी घरची पिकअप विकली. साचा एकच, सगळ्यात जास्त खपणाऱ्या मापाचा. बाकीची मापं त्याच्या कमाईतून करायची होती. ऑगस्टमध्ये शाळा उघडण्याआधी सशाचे बूट बाजारात यायला हवे होते, आणि तिच्याच नावाने यायला हवे होते. अजून एकही बूट शिवून झाला नव्हता, आणि ससा मात्र गल्लीत फिरून गेला होता.

नवरा फिदेन्सिओ म्हणाला, जगात ससे काही थोडे नाहीत. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्याने कोपऱ्यावरच्या गाडीपाशी ग्वाकामाया, म्हणजे तिखट चटणी घातलेला भरला पाव, खायला गेला. कासिल्दा डोक्यावरची ओढणी सावरत, वाकून, एकेक ससा बघत पुढे चालली. लोक विचारत, काय हरवलं? ती म्हणे, कानातलं. ससे पाण्याच्या टाकीला वळसा घालून, बेकरीवरून गेले आणि एका पत्र्याच्या फाटकाशी संपले. फाटक रुतिलिओच्या शेडचं होतं.

रुतिलिओ पीव्हीसीचे दाणे वितळवून साच्यात भरायचा आणि गिऱ्हाईक मागेल तो माल काढून द्यायचा. खुर्चीच्या पायाचे बूच म्हणा, पाइपाची टोपणं म्हणा, पण मुख्यतः सोल. साचा गिऱ्हाइकाचा, मशीन त्याचं, आणि साचा राहायचा त्याच्याच शेडमध्ये. म्हणजे सगळा कारभार विश्वासावर. त्यात तो कासिल्दाच्या मुलीचा धर्मपिता. लहानपणी दोघं एका अंगणात गोट्या खेळलेली, अरे-तुरे करणारी. मुलीचा बाप्तिस्मा झाला त्या दिवसापासून तो तिचा ‘कोंपाद्रे’ झाला, ती त्याची ‘कोमाद्रे’, आणि दोघं एकमेकांना अहो-जाहो करू लागली. आमच्याकडे कोंपाद्रेकडून उसने घेता येतात, त्याच्या दारात भांडता येतं. चोरी केलीस का, हे मात्र विचारता येत नाही. विचारलं की नातं तुटलं, उत्तर काहीही येवो. म्हणून फाटकावर थाप मारायला उचललेला हात कासिल्दाने खाली घेतला आणि ती घरी आली. चूक व्हायची ती इथेच झाली, असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी सोमवार. आम्ही चांभार लोक सोमवारला संत मानतो; रविवारची उतरेपर्यंत कुणी सुईला हात लावत नाही. आणि नेमक्या त्या दिवशी रुतिलिओचं मशीन सुरू असल्याचं तिला अंगणातून ऐकू आलं. आता तर पाणी मुरतंय याची तिला खात्रीच पटली. पायात चपला सरकवून ती निघाली, आणि हातगाडी घेऊन फिदेन्सिओला मागे ओढत नेलं.

शेडमध्ये नेहमीचा आंबट वास भरला होता. साचा उघडला की काळ्या सोलांची जोडी बाहेर पडे. प्रत्येक सोलावर ससा.

"कोमाद्रे, सोमवारच्या इकडे कुठे?" रुतिलिओने विचारलं.

"मीही तेच विचारते, कोंपाद्रे. सोमवारचं मशीन चालू?"

"तुमचेच सोल आहेत. दाणे आले, म्हटलं तुमचं काम आधी उरकावं. सकाळीच सुरू केलं."

कोपऱ्यात एक गोणी झाकून ठेवली होती. कासिल्दाने विचारायच्या आधीच तिच्यात हात घातला. कापून काढलेल्या कडा निघाल्या, पुन्हा दळायच्या. तिचं समाधान झालं नाही. खरा माल कुणी समोर ठेवतो का? तिने सांगितलं की सशाचा कान तिच्या मनासारखा नाही, साचा कोरणाऱ्याला दाखवायचाय, तेव्हा तो आत्ताच्या आत्ता उतरवा. रुतिलिओने मशीन थांबवलं. वाद घातला नाही, फक्त एवढंच म्हणाला:

"संध्याकाळपर्यंत माझ्याकडे राहू द्या. पीव्हीसी तापलं की त्याची वाफ पोलाद खाते. सोड्याच्या पाण्याने धुतो, नीट वाळवतो, तेल लावतो, मग न्या. असाच नेलात तर गंज धरेल."

गंज! जिथे धुतलेली चादर दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळते, त्या लेओनमध्ये गंज! कासिल्दाला मनातल्या मनात हसू आलं. संध्याकाळपर्यंत म्हणजे प्लास्टर ओतून साच्याचा ठसा घ्यायला हवा तेवढा वेळ. तिने साचा तसाच, गरम असताना ओल्या पोत्यात गुंडाळला, नवऱ्याकडून हातगाडीवर चढवून घेतला आणि तयार झालेले अर्धी गोणी सोल त्यावर ठेवले. रुतिलिओ फाटकापर्यंत आला. त्याला काहीतरी विचारायचं होतं, पण तोही कोंपाद्रेच. त्यानेही विचारलं नाही.

साचा मुलीच्या जुन्या दुलईत बांधून पलंगाखाली गेला. फिदेन्सिओ शेजाऱ्यांना सांगू लागला की बायकोने ससा पाळलाय, आणि तो खातपीत काही नाही पण झोपू देत नाही.

रुतिलिओ तेलाचा डबा घेऊन आला. कासिल्दा खिडकीतूनच बोलली.

"साचा घरात नाही, कोंपाद्रे."

"मला दाखवू नका. जिथे असेल तिथे तुम्हीच तेल लावा. आत नीट, सशाच्या कानापर्यंत."

त्याने डबा दाराशी ठेवला. साचा कुठे आहे हे काढून घ्यायला आलाय, असं तिला वाटलं. त्याची पाठ वळल्यावर तिने डबा उचलला, तेल हुंगलं, आणि न जाणो काय मिसळलं असेल म्हणून मोरीत ओतून दिलं.

मग सुरू झाली शोधाशोध. रोज ती बुटांच्या बाजारात जाऊन प्रत्येक बूट उलटा करून बघायची. दुकानदार तिला ओळखू लागले; ती दिसली की आपणच बूट उलटे धरायचे. ससा कुठेच नव्हता. तर तिला वाटे, माल दाबून ठेवलाय, ऑगस्टमध्ये एकदम काढतील. दुसरा सोल काढणारा शोधायचा तर तोही भरवशाचा दिसेना. एकाचा मेहुणा बूट करायचा, दुसरा फारच गोड बोलायचा, तिसऱ्याने साचा न बघताच होकार दिला. मे सरला, जूनचा पाऊस पडून गेला, आणि साचा पलंगाखालीच होता.

शेवटी ससा तिला बेकरीच्या रांगेत सापडला. रुतिलिओकडे सोलाच्या कडा कापणाऱ्या इमेल्दाची मुलगी समोर उभी होती. पायात चपला, सोल एक तांबूस, एक राखाडी, दोन्हींत रंगांच्या रेघा, वरून सायकलची ट्यूब कापून केलेले पट्टे. कासिल्दाने तिचा पाय हातात धरून उलटा केला. मुलगी घाबरली, इमेल्दा हसली.

"बघा ना कासिल्दाबाई, तुमचाच ससा. नव्या साच्याच्या पहिल्या जोड्या कधी धड निघतात? आधीचा रंग मशीनमध्ये उरलेला असतो. मालक त्या आम्हाला देऊन टाकतात, पोरांसाठी. तुम्ही नाही का चामड्याचे तुकडे वाटत?"

वाटायची. दर आठवड्याला वाटायची. कासिल्दाने पाय हळूच खाली ठेवला आणि पाव न घेताच घरी आली. तिला इतकं हलकं वाटत होतं की ती वाटेत दोनदा हसली. अजून वेळ होता. रुतिलिओने मशीन लावलं तर शाळेआधी निदान अर्धा माल निघाला असता. तिने फिदेन्सिओला हाक मारून साचा ओढायला लावला आणि दुलई सोडली. दुलईवर तपकिरी डाग पडले होते.

शेडमध्ये रुतिलिओने साचा उघडला. आत सगळीकडे लालसर पापुद्रे आणि खालच्या पोलादात बारीक खड्डे. सशाच्या पोटाची जागा कळत होती, कान कुठेच नव्हते. त्याने फडक्याने पुसलं, नखाने खरवडलं, उजेडात धरलं.

"घासून गुळगुळीत करता येईल," तो म्हणाला, "पण घासला की उरलेला ससाही जाईल. सोल साधा निघेल, दुकानात मिळतो तसा. नवा ससा कोरून घ्यायचा तर पुढच्या वर्षीची शाळा."

पिकअप गेली होती, आणि तिच्या बदल्यात दुकानात मिळतो तसा सोल आला होता. मग जे इतके दिवस गिळून ठेवलं होतं ते कासिल्दाने बोलून टाकलं.

"मला वाटलं तुम्ही चोरलात, कोंपाद्रे. मला क्षमा करा."

"ते तुम्ही तेल घ्यायला दार उघडलं नाहीत तेव्हाच कळलं," रुतिलिओ म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही. "साधे सोल उद्यापासून काढून देतो, शाळेआधी. पण मशीन लावताना तुम्ही इथे हजर राहायचं. साचा चढवताना, उतरवताना, धुताना. तुमच्या मालाला यापुढे मी एकटा हात लावणार नाही."

ती म्हणाली, त्याची काही गरज नाही.

"तुम्हाला नसेल, कोमाद्रे. मला आहे."

तेव्हापासून कासिल्दा रोज सकाळी शेडमध्ये जाते आणि भिंतीशी खुर्ची टाकून बसते. काळे, गुळगुळीत सोल जोडीजोडीने बाहेर पडतात. संध्याकाळी रुतिलिओ साचा धुतो, वाळवतो, तेल लावतो आणि तिच्यासमोर धरतो. ती हो म्हणेपर्यंत तो साचा खाली ठेवत नाही.