शेकडा पाच अधिक

पेटीत सहा वजनं होती. वीस किलोचं एक, दहाचं एक, पाचचं एक, दोनची दोन आणि एकचं एक. एकूण बरोबर चाळीस किलो. शिवाय हातमोज्यांची एक जोडी आणि एक मऊ फडकं, कारण खऱ्या वजनांना उघडा हात लावायचा नसतो. घामाने पोलाद गंजतं आणि वजन बदलतं. रिकामी पेटी दोन किलोची. सगळं मिळून बेचाळीस. त्याने झाकण लावलं आणि नोंदवहीत वेळ लिहिली : दुपारी सव्वातीन. ‘कुठे नेली’ या रकान्यापाशी पेन थांबलं.

“कुठं, हॉस्पिटलात का?” समोरच्या टेबलावरच्या जोडीदाराने विचारलं.

“घरी.”

“घरी? का, वहिनी भाजी मापून वाढायला लागल्या काय?”

एरवी त्याने याला एखादं खणखणीत उत्तर दिलं असतं. आज त्याने रकान्यात ‘घरी’ असं लिहिलं आणि पेटीच्या दोन्ही कड्या धरल्या.

बावीस वर्षं तो या कार्यशाळेत काटे तपासत होता. किराणा दुकानांचे, दूधडेअऱ्यांचे, दवाखान्यांचे. काटा कुणाचाही असो, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं : “आधी शून्य बघा.” त्यामुळे सगळे त्याला शून्यभाऊ म्हणत. दुसरं वाक्यही ठरलेलं होतं. काही काटे दुरुस्तीच्या पलीकडे जातात. तसा काटा असला की त्याची चूक नेमकी मोजायची आणि बुडाशी चिठ्ठी चिकटवून तीवर लिहायची. नव्या पोरांना तो सांगे, “चूक माहीत असली की काटा खोटा राहत नाही. तो फक्त सवयीचा होतो.”

त्याच्या घरी असाच एक सवयीचा काटा होता.

*

सकाळी साडेआठला शाळेतून फोन आला होता. मैदानावर धावताना मुलगी चक्कर येऊन पडली.

तो पोचला तेव्हा ती नर्सबाईंच्या खोलीत खाटेवर आडवी होती. बूट काढून खाली ठेवलेले. गुडघा खरचटलेला. तिचे पाय खाटेच्या टोकापर्यंत पोचत होते. ही एवढी उंच कधी झाली, असं त्याच्या मनात आलं.

“सकाळी काय खाल्लं होतंस?” नर्सबाईंनी विचारलं.

“पाणी प्यायले.”

“पाणी खात नाहीत, बाळा. काल रात्री?”

मुलगी छताकडे बघत राहिली.

नर्सबाई त्याच्याकडे वळल्या. “उंची एकशे त्रेसष्ट. वजन बेचाळीस. गेल्या वर्षी ही अठ्ठेचाळीस किलोची होती आणि उंची एकशे अठ्ठावन्न. उंची पाचाने वाढली आणि वजन सहाने उतरलं. चार महिने पाळी नाही म्हणते. तुम्हाला घरी काही जाणवलं नाही?”

“डबा तर रोज रिकामा येतो,” तो म्हणाला.

“डबा रिकामा येतो हो. पोट कुणाचं भरतं ते विचारा.”

तेवढ्यात मुलगी कोपरावर उठून बसली. “बेचाळीस नाही. चव्वेचाळीस पॉइंट एक. आज सकाळीच बघितलं मी घरी.”

त्याने हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. बावीस वर्षांत आकडा कानावर पडला की तो होतच असे. चव्वेचाळीस पूर्णांक एकमधून शेकडा पाचाची चूक काढली की उरतात बेचाळीस. अगदी बरोबर. एका ग्रॅमचाही फरक नाही.

“तुमच्या घरचा काटा बरोबर आहे का?” नर्सबाईंनी विचारलं.

“बघतो,” तो म्हणाला.

“बघाच. आणि आजच डॉक्टरांकडे न्या. रक्त तपासायला लागेल. हे वय म्हणजे घराचं बांधकाम चालू आहे असं समजा. हाडं, रक्त, सगळं आत्ता बांधलं जातं. आणि ही बाई विटा परत पाठवतेय.”

‘बाई’ म्हटल्यावर मुलगी जरा हसली. नर्सबाईंनी तिला दुधाचा पेला दिला. तिने तो दोन्ही हातांत धरला आणि फक्त धरून ठेवला.

*

आठ महिन्यांपूर्वीचा रविवार. तो पेपर वाचत बसला होता. मुलगी न्हाणीघराबाहेरच्या काट्यावर चढली आणि ओरडली, “पन्नास! बाबा, पन्नास पॉइंट चार!”

त्याने पेपर खाली न घेताच म्हटलं, “आली का आमची पन्नाशी! आता साठी कधी ते सांग, सत्कार करू. हार, नारळ, भाषणं, सगळं!”

बायको हसली. मुलगीही हसली. त्याला ते नीट आठवत होतं, कारण त्या हसण्याचा त्याने नंतर बऱ्याचदा आधार घेतला होता. त्या दिवसापासून ती ‘पन्नाशी’ झाली. ‘पन्नाशी, दार उघड.’ ‘पन्नाशीला अजून एक वाढ गं.’ पाहुण्यांसमोरही.

आणि त्या क्षणीही हिशेब आपोआप झालाच होता. पन्नास पूर्णांक चार, म्हणजे अठ्ठेचाळीस. हे त्याला पेपरामागे बसल्या बसल्या माहीत होतं. पण अठ्ठेचाळिशीवर विनोद होत नाही.

नंतर ती पहाटे उठून पळायला जाऊ लागली. त्याला बरं वाटलं. ती जेवताना ‘बास’ म्हणू लागली. त्याला वाटलं, पोर शिस्तीची निघाली. महिन्यापूर्वी शाळेच्या कार्यक्रमात तिची बाकावरची मैत्रीण बायकोला म्हणाली होती, “काकू, तुमच्या हातची भाजी काय भारी असते हो!” तेव्हा बायकोने घरी येऊन नुसतंच विचारलं होतं, “हिला आपण कधी जेवायला बोलावलं होतं गं?” मुलगी म्हणाली, “एकदा चाखायला दिली होती.” विषय तिथेच संपला.

*

रक्त देऊन, डॉक्टरांना दाखवून मायलेकी दुपारी घरी आल्या. तो परस्पर कार्यशाळेत गेला आणि पेटी घेऊन निघाला.

घर दुसऱ्या मजल्यावर. पायऱ्या चौतीस. पेटीचं वजन त्याला कार्यशाळेतून निघतानाच ठाऊक होतं, पण ते हातांना कळलं बाराव्या पायरीवर. तिथे तो थांबला. मग विसाव्या पायरीवर. शेजारच्या काकांनी वरून विचारलं, “लावू का हात?” तो “नको” म्हणाला. शेवटी पेटी मांडीवर टेकवत, छातीशी धरत त्याने वर आणली. मुलगी चार वर्षांची असताना झोपली की तो तिला असाच वर आणायचा.

मुलगी स्वयंपाकघरात खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. बायकोने तिच्यासमोर भात ठेवला होता. त्यातले तीन-चार घास गेले होते.

“बाबा, हे काय आणलंस?”

“वजनं. कार्यशाळेतली.”

“एवढी चकचकीत?”

त्याने न्हाणीघराबाहेरचा काटा आणून फरशीवर ठेवला. हातमोजे चढवले. काटा चालू केला. शून्य पूर्णांक शून्य.

“बघ, शून्य बरोबर आहे,” तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला. नव्या पोरांना शिकवताना यायचा तसा. “आता मी एकेक ठेवतो, तू बेरीज कर.”

वीस. दहा. पाच. दोन, दोन. शेवटी एक. ती खुर्चीवरून उतरून फरशीवर उकिडवी बसली. लहानपणापासून तिला असल्या गोष्टी आवडायच्या.

“चाळीस,” ती म्हणाली.

काट्याने बेचाळीस पूर्णांक शून्य दाखवलं.

ती बघत राहिली. “दोनने जास्त दाखवतोय.”

“दोनने नाही. शंभराला पाच. जेवढं वजन जास्त, तेवढी चूक जास्त. शून्याला म्हणून कळत नाही.”

“म्हणजे...” तिचे ओठ हलले. ती गणितात चांगली होती. “म्हणजे मी खरंच बेचाळीस आहे?”

आणि तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद चमकून गेला. अगदी अर्धा सेकंद. इथेच थांबावं, काटा उचलावा, बाकी काही सांगू नये, असं त्याला वाटलं. काटा चुकीचा निघाला, एवढंच. काटे चुकतात. त्यात कुणाचा दोष?

त्याने वजनं एकेक करून पेटीत परत ठेवली. मग काटा उलटा केला.

बुडाशी पिवळी पडलेली चिठ्ठी होती. ‘चूक : शेकडा ५ अधिक.’ खाली नऊ वर्षांपूर्वीची तारीख आणि सही.

तिने ती वाचली. मग पुन्हा वाचली.

“हे तुमचं अक्षर आहे.”

ती जन्मापासून त्याला ‘तू’ म्हणत होती.

“हो.”

“म्हणजे मी तेव्हा पन्नास नव्हतेच.”

“अठ्ठेचाळीस होतीस.”

“आणि तुम्हाला माहीत होतं.”

ओट्यापाशी उभी असलेली बायको मध्येच म्हणाली, “अगं, मला वाटलं तुला ठाऊक असेल. मी तर बॅगा मोजताना आपोआप कमी करते. घरात सगळ्यांनाच...”

“मला कुणी सांगितलं होतं?” मुलगी म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता. “सांग ना आई. कधी?”

बायकोने नळ बंद केला. तो तसा बंदच होता.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “त्याच वेळी. पण अठ्ठेचाळीसवर विनोद जमत नव्हता. म्हणून पन्नास ठेवले.” तो थांबला. हातमोजे अजून हातातच होते. त्याने ते ओढून काढले. “आणि तू खरंच पन्नास असतीस, तरी मी बोललो ते चूकच होतं. ते काट्यावर ढकलता येत नाही.”

तिने काटा सुलटा करून ठेवला. मग उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

ताटलीतला भात तसाच होता. बायकोने तो झाकून ठेवला. सातच्या सुमाराला दार उघडलं, मुलगी बाहेर आली, उभ्यानेच अर्धा भात खाल्ला आणि परत गेली.

*

दुसऱ्या दिवशी तो काटा कार्यशाळेत गेला. जोडीदाराने तो बघितला. “शून्यभाऊ, चिठ्ठी आहे की याला! कशाला मोडीत घालताय? चालतोय तोवर चालवायचा.”

“नाही. मोडीतच घाल,” तो म्हणाला. आणि मग, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, आणखी एक वाक्य बोलला, “चिठ्ठी बुडाशी असते. उभं राहणाऱ्याला ती दिसत नाही.”

डॉक्टरांनी आठवडाभराचा आहार लिहून दिला, लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. पळणं बंद, मैदानाला चालत चार फेऱ्या चालतील. घरात काटा नको, आकड्यांची चर्चा नको. दर दुसऱ्या मंगळवारी नर्सबाई वजन करतील, मुलगी काट्याकडे पाठ करून उभी राहील. आकडा फक्त घरच्यांना कळेल.

त्याला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. एक, जेवताना तिच्या ताटाकडे न बघणं. हे फार अवघड होतं. समोरच्याच्या ताटात किती आहे हे त्याचे डोळे त्याला न विचारताच मोजत. शेवटी त्याने जागा बदलली आणि तो भिंतीकडे तोंड करून बसू लागला. दुसरी, गप्प बसणं. जेवणात त्याचे विनोद नसले की भांड्यांचा किती आवाज होतो, हे त्याला आत्ता कळलं. एकदा सवयीने त्याच्या तोंडून “पन्ना...” एवढं निघालं. मुलीने पाण्याचा पेला खाली ठेवला, जेवण अर्धं सोडलं आणि उठली. त्या मंगळवारी वजन शंभर ग्रॅमने खाली आलं होतं. तेवढा फरक पाण्याचाही असतो, नर्सबाई म्हणाल्या. त्याने मान हलवली. त्याला झोप लागली नाही.

ती बोलत होती. पण ‘बाबा, तुमचा फोन वाजतोय.’ ‘तुम्ही चहा घेणार का?’ एखाद्या पाहुण्याशी बोलावं तसं, अगदी आदराने.

वजनाच्या सातव्या मंगळवारी, म्हणजे तीन महिन्यांनी, तो पेटी घेऊन शाळेत गेला.

“अहो, आमचा काटा नवीन आहे,” नर्सबाई म्हणाल्या.

“असेल. तरी बघू द्या.”

मुलगी दारात उभी होती. त्याने हातमोजे घातले आणि सहा वजनं काट्यावर रचली. नर्सबाईंना दिसेल आणि दारातून तिलाही दिसेल, असा तो बाजूला सरकला. मग वजनं उतरवून चिठ्ठी लिहिली. ती बुडाशी न लावता त्याने काट्याच्या वर, समोरच्या बाजूला चिकटवली. मुलगी जवळ आली. तिने वाकून ती वाचली.

मग तिने भिंतीचा आधार घेत एक बूट काढला, दुसरा काढला.

“धर,” ती म्हणाली.

त्याने बूट धरले. ती काट्यावर चढली आणि पाठ करून उभी राहिली, खिडकीकडे बघत. बाहेर मैदानावर मुलं फेऱ्या मारत होती. आकडा थोडा वेळ हलला आणि स्थिर झाला.

चिठ्ठीवर लिहिलं होतं : भार चाळीस. दर्शवलेलं वजन चाळीस पूर्णांक शून्य. चूक शून्य.

त्याखाली काट्यावर चव्वेचाळीस पूर्णांक सहा.