कोपऱ्यातलं नाव

जरीपटका वस्तीत माणूस किती मोठा होता हे त्याच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर खाली किती चेहरे आहेत त्यावरून ठरतं. भैयाजींच्या फ्लेक्सवर बावीस होते. अडचण एवढीच की भैयाजी अजून जिवंत होते.

झालं असं, की माजी नगरसेवक भैयाजी आठ दिवसांपासून आयसीयूत होते. नेता गेला की छपाईच्या सगळ्या दुकानांत एकदम झुंबड उडते, म्हणून त्यांचा खास माणूस अमोल आधीच प्रेमिलाच्या फ्लेक्सच्या दुकानात हजर झाला.

"ताई, दहा बोर्ड तयार ठेवा. खबर आली की लावून देऊ."

प्रेमिलाने हातातलं काम बाजूला ठेवलं. नवरा गेल्यावर हे दुकान भैयाजींमुळेच उभं राहिलं होतं. बँकेच्या साहेबासमोर ते स्वतः येऊन बसले होते, उद्घाटनाची फीतही त्यांनीच कापली होती. ती रोज दुपारी दवाखान्यात जायची, आत सोडत नाहीत म्हणून बाहेरच्या बाकावर तासभर बसून परत यायची.

"माणूस जिवंत आहे गा, अमोल. मी कशी छापू?"

"तुम्ही नाही तर दुसरा कोणी छापेल. अन् काहीतरी घोळ करून ठेवेल."

हे तिला पटलं, आणि तिथेच चुकलं. तिने गेल्या वाढदिवसाची फाईल उघडली. 'हार्दिक शुभेच्छा' काढून 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकलं, हात जोडलेला फोटो तोच ठेवला. खाली 'शोकाकुल' म्हणून बावीस जण, आणि नेहमीप्रमाणे अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, तिचं नाव अन् मोबाईल नंबर.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कोणीतरी भैयाजी गेल्याची पुडी सोडली. अमोलभाऊंनी शहानिशा वगैरे भानगडीत न पडता चौकात बोर्ड टांगला. त्याच दुपारी डिस्चार्ज घेऊन निघालेल्या भैयाजींची गाडी त्या चौकातून गेली.

संध्याकाळी ते काठी टेकत दुकानात शिरले. प्रेमिलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने खुर्ची पुढे केली.

"गाडी थांबवून सगळं वाचलं," भैयाजी म्हणाले. "बावीस जण शोक करून राहिले. त्यातले दवाखान्यात किती आले, माहीत आहे तुले? दोन. त्यातल्या एकाले माह्या वॉर्डाचं तिकीट पाहिजे होतं."

"माझं चुकलं, भैयाजी. मी छापायलेच नको होतं."

"तू रोज येऊन बाकावर बसत होती म्हणे. घरची सांगत होती."

आता मात्र तिला रडू आवरेना. भैयाजींनी तिला रडू दिलं.

"मग तुह्यं नाव एवढं बारीक काहून वं? अन् तेही कोपऱ्यात?"

"ती दुकानाची जाहिरात आहे, भैयाजी."

ते हसले आणि दम लागला म्हणून थांबले. "खरोखर जाईन तेव्हा एक बोर्ड तुह्या मनानं कर. त्याच्यावर यातला एकही नको. अन् हा हात जोडलेला फोटो तर नकोच. जन्मभर मतं मागून कंटाळलो मी."

पाच महिन्यांनी भैयाजी झोपेतच गेले. अमोल पुन्हा आला. या वेळी चेहरे एकतीस झाले होते, आणि मधोमध कोण यावरून दुकानातच वाजलं. प्रेमिलाने मुकाट्याने सगळे बोर्ड छापून त्याच्या हवाली केले.

मग तिने जुना फोटो शोधून काढला. दुकानाच्या उद्घाटनाला कात्री बोथट निघाली होती, फीत काही केल्या कापली जात नव्हती, आणि भैयाजी पोट धरून हसत होते. तो फोटो मोठा केला. खाली नाव टाकलं, 'प्रेमिला'. सवयीने बोटांनी पुढे मोबाईल नंबर टाईप केला. तो तिने पुसून टाकला.

बोर्ड तिने स्वतःच्या हाताने शटरवर बांधला आणि त्या दिवशी दुकान बंद ठेवलं.