तिसरीची चौदा दप्तरं

सकाळी सव्वासहाला टेम्पो हलला. मागे एकसष्ट नवी दप्तरं, पुढे ड्रायव्हर, ती शिवणाऱ्या टेलरबाई आणि कंपाउंडर. चौतीस वर्षं एकाच दवाखान्यात औषधाच्या पुड्या बांधून कंपाउंडर निवृत्त झाला होता. खेड्यांतल्या शाळांना दप्तरं पोचवणाऱ्या मंडळात त्याला दोनच महिने झाले होते. एरवी तो बांधाबांध करून घरी जाई. आज मात्र गाडीतून यायचंच म्हणून हटून बसला होता.

कारण तिसरीच्या चौदा दप्तरांपैकी एकात त्याचं पत्र होतं. आतल्या कप्प्यात, चिकटवलेल्या पाकिटात. वर एकच शब्द: लिंबूटिंबूस.

लिंबूटिंबू म्हणजे त्याची मुलगी. आळीतल्या पोरांत ती सगळ्यात धाकटी, प्रत्येक खेळात लिंबूटिंबू. घरातही तेच नाव पडलं. नऊ वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न ठरवलं, तेव्हा तो म्हणाला होता, "गेलीस तर हे दार तुला बंद." मुलगी शब्दाची पक्की. तिने ते दार पुन्हा ठोठावलं नाही. नंतर त्याने टपालाने तीन पत्रं पाठवली. तिन्ही न फोडता परत आली. जी काही खबर येई ती त्याच्या बहिणीकडून: नात आठ वर्षांची आहे, आज टेम्पो जायचा त्याच शाळेत तिसरीत आहे, डावखुरी आहे.

"आणखी काय सांगू?" बहिणीने विचारलं होतं.

"एवढं पुरे," तो म्हणाला होता. ते पुरलं नव्हतं.

त्या दप्तराच्या चेनला त्याने हिरव्या दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. डावखुरी पोर पुढे आली की ते दप्तर नेमकं तिच्यासमोर सरकवायचं, एवढाच बेत. कारण मंडळाचा नियम कडक होता: दप्तर कुणाच्या हातात द्यायचं नाही. इयत्तेप्रमाणे ढीग लावायचा, मुलांनी आपलं आपण उचलायचं. देणारा समोर उभा राहिला की घेणाऱ्याची मान खाली जाते, असं टेलरबाईंचं म्हणणं. नियम त्यांचाच होता.

आठ चाळीसला शाळा आली. कंपाउंडरने व्हरांड्यात तिसरीचा ढीग लावला आणि दोरा शोधू लागला. सगळी दप्तरं खालीवर केली. हिरवं काही दिसेना.

"काय हरवलं?" टेलरबाईंनी विचारलं.

"एकाला हिरवा दोरा होता."

"होता ना! चांगला वीतभर लोंबत होता. काल कापला मी. असला माल पाठवायचा? लोक म्हणतील, टेलरबाईला आता दिसत नाही."

"कुठलं होतं ते?"

"आता काय ओळखायचं? सगळी सारखी झाली," टेलरबाई समाधानाने म्हणाल्या. गळ्यातल्या दोरीला त्यांची छोटी कात्री लटकत होती.

चौदा चेनी उघडायला दोन मिनिटं लागली असती. तेवढ्यात घंटा झाली आणि तिसरी रांगेने बाहेर आली.

डावखुरी एकच निघाली. दोन वेण्या, गुडघ्यावर खरचटलेलं. वरचं दप्तर सोडून तिने ढिगातलं खालून तिसरं डाव्या हाताने ओढलं, आणि अर्धा ढीग तिच्या पायांवर आला.

"अगं, वरचं घे की!" मुख्याध्यापिका ओरडल्या.

"वरचं सगळेच घेतात," पोर म्हणाली.

कंपाउंडरने खांबाला हात टेकला. आवाज वेगळा होता, पण तोरा घरचा होता.

मुलं पांगल्यावर तो तिच्यापाशी गेला. "आवडलं का?"

"अजून उघडलं नाही."

"मग उघड की."

"घरी. आईसमोर."

"आई काय करते?"

"कोंबड्या सांभाळते आणि मला ओरडते." तिने त्याला नीट न्याहाळलं. "तुमचं नाव काय?"

त्याने सगळे म्हणत तेच सांगितलं. "कंपाउंडर."

"हे काय नाव असतं?"

"असतं कुणाकुणाचं."

तिला ते पटलं नाही. ती पळाली.

परतीच्या वाटेवर त्याने टेलरबाईंना सगळं सांगितलं.

"आधी बोलला असतात, तर दोरा राहिला असता."

"आधी बोललो असतो, तर तुम्ही पत्रच काढलं असतं."

"काढलंच असतं! पोरांच्या पाठीवर आपलं घरचं ओझं कशाला?" थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "दिसायला कशी आहे?"

"आजीसारखी," तो म्हणाला.

पाचव्या दिवशी मंडळात मुख्याध्यापिकांचा फोन आला, तो कंपाउंडरने घेतला. तिसरीतल्या एका मुलाला दप्तरात पाकीट सापडलं होतं. त्याच्या घरी कुणी फोडलं नाही. त्याने ते शाळेत आणून दिलं होतं.

"हा लिंबूटिंबू कोण?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे अर्धी शाळा लिंबूटिंबूच आहे."

कंपाउंडरने मुलीचं नाव सांगितलं असतं, तर बाईंनी पत्र त्याच संध्याकाळी पोचवलं असतं. आणि कुणी दिलेलं पत्र परत करता येतं. ते तीनदा झालं होतं.

"फाटकाजवळच्या फलकावर लावा," तो म्हणाला. "ज्याचं असेल तो ओळखेल."

मंगळवारी पाकीट फलकावर लागलं. मुलगी रोज दुपारी पोरीला न्यायला त्याच फाटकाशी येते, हे त्याला बहिणीकडून कळलेलं होतं. बुधवारी पाकीट तिथेच होतं. गुरुवारी दुपारी वारा सुटला. मुलांची दोन चित्रं फलकावरून उडाली, ती पटांगणात सापडली.

शुक्रवारी सकाळी पाकीट फलकावर नव्हतं. शिपायाने कुंपणापर्यंत शोधलं, मिळालं नाही. कुणी नेताना कुणी पाहिलेलं नाही. ज्या दोन टाचण्यांनी ते लावलं होतं त्या फलकावरच आहेत, एकमेकींशेजारी खोचलेल्या. आज सोमवार, संध्याकाळचे साडेपाच. कंपाउंडरकडे अजून काहीही टपाल आलेलं नाही, परत आलेलंही नाही.